दरवाजे पकडतं

डबी पत्त्यांच्या कॅटएवढी.
दुबईहून मामानं पाठवलेली,
सोबत चोवीस पानांचं पुस्तक,
त्यात मराठी सोडून सगळ्या भाषा.
श्रेयाननं ती टाकीवर ठेवली,
"काका, बसवा. पुढं पोलीस असला की आधीच ओरडतं म्हणे."

शिरवण्यातला माझा गाळा आठ बाय दहा.
हॉर्न, सेल्फ, इंडिकेटर, एवढ्यात तीस वर्षं गेली.
चोराच्या हाती कंदील द्यायचा का, हा प्रश्न
कंदील दुरुस्त करणाऱ्याला कुणी विचारत नाही.
मीही विचारला नाही.

सीट काढली.
चावीच्या पुढची वायर शोधली,
म्हणजे गाडी बंद की डबीही बंद,
नाहीतर सकाळी बॅटरी उताणी.
दोन अँपियरचा फ्यूज.
जोडाला सोल्डर, वर रबरी नळी,
कारण खाडीची हवा
तांब्याला महिन्याभरात हिरवं करते,
आणि चिकटपट्टी उन्हात जीव सोडते.
हँडलवर क्लॅम्प, क्लॅम्पखाली
सायकलच्या ट्यूबचा तुकडा;
आमच्या रस्त्यांची थरथर
परदेशी स्क्रूला मानवत नाही.

त्याच सकाळी, त्याच स्क्रूड्रायव्हरनं
घरत हवालदारांच्या स्कूटरचा हॉर्न उघडला होता.
तेही उधारीवर.

रात्री साडेदहाला ट्रायल.
पाम बीचवर डबी गप्प.
खाडीकडून चिखलाचा वास, पुढं दिव्यांची रांग,
काटा सत्तरवर, आणि मला
माझ्या वयाची थोडी लाज वाटली.
नेरुळला आत वळलो
आणि ती किंचाळली.
ब्रेक.
डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं,
झाडामागं, टेम्पोमागं.
पोलीस नाही.
समोर एक हॉस्पिटल, त्याचं काचेचं दार,
दाराच्या कपाळावर छोटा काळा डोळा.
गाडी ढकलत पुढं गेलो, दार उघडलं, डबी ओरडली.
मागं आलो. दार मिटलं.
पुन्हा पुढं.
तोही तेच विचारत होता
जे रस्त्यावरचं यंत्र विचारतं:
कोण येतंय, किती घाईत.
फक्त पावती फाडत नव्हता.
वॉचमन म्हणाला, "आत यायचंय का?"
"नाही, गाडी तपासतोय."
"मग दाराला कशाला दमवता?"

दुसऱ्या दिवशी घरत भेटले,
तिवईवर गन लावून, अर्ध्या सावलीत.
मी चाळीसनं समोरून गेलो. डबी मेल्यासारखी.
परत येऊन विचारलं, तर हसले,
"ही लेझर आहे. तुझी डबी जागी होईतो
आकडा माझ्या खिशात असतो."
मग हळूच,
"कुणाला बसवलीस?"
"गिऱ्हाइकाला."
"हॉर्न मस्त वाजतोय," म्हणाले,
आणि पुन्हा डोळा लावला.

किल्ला जंक्शनच्या अलीकडं
दुभाजकाचा एक कोपरा नव्यानं रंगवलेला,
खाली अजून वाळू.
तिथंही ती काही बोलली नाही.
बरोबरच आहे.
तिथं कुणी काही विचारतच नव्हतं.

शनिवारी श्रेयान आला, मागं त्याची आई,
हातात भाजीची पिशवी, गवारीच्या शेंगा बाहेर आलेल्या.
"पकडतं ना, काका?"
म्हटलं, "दरवाजे पकडतं. हॉस्पिटलचे फार लवकर."
तो हसला. त्याला विनोद वाटला.
आईनं डबीला बोट लावलं,
"हे काय?"
"स्पीडचं आहे, आई. ओरडतं."
"किती घेतले बसवायचे?"
"बाराशे," मी म्हटलं.
"बाराशे!
ओरडायचं काम तर बावीस वर्षं
मी फुकटात करत्येय."

पैसे मात्र तिनंच दिले,
पिशवीतल्या पाकिटातून, दोन नोटा परत मोजून.
मग मागं बसली, एका बाजूला पाय घेऊन,
एक हात त्याच्या खांद्यावर.

काटा तीसच्या वर गेला नाही.
डबीचा हिरवा ठिपका शांत.
आई बोलत होती,
कोपऱ्यावरून वळेपर्यंत
मला गाळ्यात ऐकू येत होतं.